खांबाचा हात

शंतनु पुण्याहून आला तो थेट माझ्या शेडमध्ये शिरला आणि विचारायला लागला, झेरान कुठे ठेवलेत? मी फोम कापत बसले होते. म्हटलं, कोण झेरान बाबा? या नावाचं इथे कुणी काम करत नाही. तर तो पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं आता रडतो की काय.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, खांबांबद्दल विचारतोय हा!

आमच्या युनिटमध्ये झेरानांना झेरान कुणीच म्हणत नाही. खांब म्हणतात. 'ध्रुवयान'मध्ये ग्रहांची सभा भरते ना, तिथे सगळ्यात मागे राखाडी झगे घातलेले तीन उंच पुतळे उभे असतात, तेच हे. तुम्ही रविवारी सकाळी टीव्ही लावत असाल तर कधी ना कधी दिसलेच असतील, पण लक्षात राहिले असतील तर माझं नाव प्रमोदिनी नाही. आधी नुसतं 'ध्रुवयान' झालं, मग 'नया ध्रुवयान', मध्ये एक दोन तासांचा टेलिपट, आणि गेल्या वर्षीपासून परत तिसरी मालिका. एवढ्या काळात शेपटीवाल्यांना दोन लढाया आणि एक लग्न मिळालं, निळ्यांना तर अख्खा ग्रह बांधून दिला मी, थर्माकोलचा. खांब मात्र पहिल्या वर्षी उभे राहिले ते उभेच आहेत.

आणि त्याला कारण मी. उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू?

त्या वेळच्या लेखकानं झेरान म्हणजे फार शहाणी, बोलघेवडी जमात म्हणून लिहिली होती. मी तोवर बंगलोरात मल्लेश्वरमला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची आरास करायचे आणि मुलांच्या नाटकांचे मुखवटे. रबराचे हलते ओठ कुणाला येत होते? पंधरा दिवस झटले. ओठ हलवले की तळणीतल्या पुरीसारखे टम्म फुगायचे. शेवटी वैतागून सांगितलं, यांना तोंड नाहीच असं समजा. दिग्दर्शक म्हणाला, चालेल, तेवढाच खर्च कमी. लेखकानं एक वाक्य घातलं की झेरानांनी हजार वर्षांपूर्वी बोलणं सोडलं, आणि विषय मिटला. आता ज्याला तोंड नाही त्याला संवाद कोण लिहील? आणि संवाद नाही त्याच्याकडे कॅमेरा कशाला वळेल? मला ओठ जमले नाहीत म्हणून एक अख्खी जमात मुकी झाली. हे मला कधीकधी पोळ्या लाटताना आठवतं आणि वाईट वाटतं. आमचे हे म्हणतात, अगं, ते खरे नाहीत. मी म्हणते, हो, पण आतला माणूस खरा आहे ना!

आतला माणूस म्हणजे मालोजी. तीन खांबांपैकी दोन दर वेळी बदलतात, उजवीकडचा मात्र पहिल्यापासून तोच. राहतो बंगलोरबाहेर आनेकलला. त्याचे पूर्वज कुठल्या तरी मराठा पलटणीबरोबर इकडे आले आणि राहिले, त्यामुळे घरी मराठी बोलतात, पण तिच्यात कानडी इतकं मुरलंय की पहिल्या दिवशी मला निम्मं कळलं नव्हतं. मी मल्लेश्वरमचीच असून! मला अक्का म्हणतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगापिंडानं भक्कम, स्वभावानं नखरेल. झग्याला एक सुरकुती पडलेली चालत नाही त्याला. मी म्हणायची, अरे, अंधारात मागे उभा असतोस, सुरकुती कोण बघतंय? तो म्हणायचा, मी बघतो की.

एकेकाळी आनेकलच्या जत्रेतल्या नाटकांत तो दुर्योधन करायचा. मग तिथल्या एका छोट्या कारखान्यात प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि शेजारची, पार मुळापासून. बरा झाल्यावर परत दुर्योधन केला. गदा उगारली तेव्हा खालून कुणीतरी काहीतरी बोललं, आणि सगळा मांडव हसला. काय बोलले ते त्यानं मला कधी सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही. हात कायम खिशात, नाहीतर खांद्यावरच्या टॉवेलखाली. आमच्याकडे आला तोच मुळी सगळं अंग झाकणारं काम आहे म्हणून. पहिल्याच दिवशी हळूच मला विचारलं, हातमोज्याच्या रिकाम्या बोटांत काही भरता येईल का? मी कापूस भरला. तेव्हापासून तो रिवाजच होऊन गेला. मुखवटा चढवला की त्याला खालचं, वरचं काही दिसत नाही, म्हणून हातमोजे मी चढवायची. तो आतून विचारायचा, "अक्का, कापूस?" मी म्हणायची, "भरलाय." मग निघायचा. युनिटमध्ये कुणालाही त्या हाताचं माहीत नाही. जेवायचासुद्धा माझ्या शेडमध्ये, भिंतीकडे तोंड करून.

आवाज मात्र काय सांगू! दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की दुर्योधनाची भाषणं म्हणून दाखवायचा. माझ्या फळीवरचे रंगाचे डबे वाजायचे. आणि असा माणूस मी तोंड नसलेल्या मुखवट्यात कोंबलेला. देवा!

गावात त्याची मोठी पंचाईत होती. मी टीव्हीवर असतो म्हणून सांगायचा. लोक विचारायचे, त्यातला तू कोणता? उजवीकडचा. बरं, कशावरून? आता कशावरून सांगणार? तोंड दिसत नाही, आवाज नाही, तिघं सारखेच. गावानं ठरवून टाकलं की हा शूटिंगच्या नावाखाली बंगलोरात कुठेतरी रखवालदारी करतो आणि थापा मारतो. सगळ्यात पुढे त्याचा बाप, आप्पाजी. म्हातारा न्हाव्याच्या बाकड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आमचा मालोजी टीव्हीत आहे, फक्त दिसत नाही. आणि मग सगळे हसायचे. मालोजी हे मला हसत सांगायचा, आणि सांगून झाल्यावर झग्याची नसलेली सुरकुती चोळत बसायचा.

तर हा शंतनु. पुण्यात लहानाचा मोठा झाला तो 'ध्रुवयान' बघत, आणि त्याला सगळ्यांत आवडायचे खांब. आता नोकरीबिकरी सोडून आमच्याकडे लेखक म्हणून आला, आणि आला तेव्हाच मालिका बंद करायचं ठरलं. त्याच्या वाट्याला शेवटचा भाग आला. त्यानं काय केलं असेल? सभेत सगळे ग्रह एकमेकांच्या उरावर बसलेत, ध्रुवयानाचा कॅप्टनसुद्धा हतबल, आणि मागचा उजवा खांब हात वर करून पुढे येतो. बोलतो. एक अख्खं पानभर भाषण. मालिका हिंदी, आणि मला हिंदी वाचायचा कंटाळा, पण ते मी उभ्या उभ्या वाचलं. त्यातलं एक वाक्य माझ्या काळजात रुतलं. "हम चुप नहीं थे। आपने पूछा नहीं।" आम्ही गप्प नव्हतो, तुम्ही विचारलं नाहीत.

मालोजीला शंतनुनं सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. तो रंगाच्या ड्रमवर बसला. मग उठला, परत बसला. मला म्हणाला, अक्का, तोंड करता येईल नव्हं? मी म्हटलं, करता येईल म्हणजे काय, मेल्या, असं करते की बघत राहशील.

आणि केलं. एवढ्या वर्षांत मला ओठ यायला लागलेत. आतून हनुवटीला पट्टी बांधली, तो बोलला की पट्टीनं जबडा हलतो, ओठ उघडतात, बाहेर शिवण उसवल्यासारखी दिसते. मालोजी अजून त्याच कारखान्यात होता; रोज पाळी संपली की बस धरून इंदिरानगरला माझ्या शेडमध्ये यायचा आणि माझ्यासमोर पाठांतर करायचा. त्याच्या हिंदीला कानडी हेल होता, नाही असं नाही. पण ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. गावात त्यानं दवंडीच पिटली होती. शेवटच्या भागाला चावडीसमोर टीव्ही लावायचा ठरला. बापाला म्हणाला, दिसत नाही म्हणता ना, या वेळी ऐका. आप्पाजी म्हणाला, ऐकतो की, माझ्या पोराचा आवाज मी शंभरात ओळखीन. मलाही आमंत्रण होतं. अक्का आल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही असं ठरलंय म्हणे.

शूटिंगच्या आदल्या दिवशी उपेंद्र माझ्या शेडमध्ये आला. हा आमचा दिग्दर्शक. वाईट माणूस नाही, पण गोड बोलायला लागला की मी सावध होते. मुखवट्याचं कौतुक केलं, जबडा वरखाली करून बघितला, आणि म्हणाला, ताई, ओठ नुसते उघडझाप झाले तरी पुरे, आवाज मुंबईला टाकून घेणार आहोत. एक मोठा आवाजवाला कलाकार ठरवलाय.

मी म्हटलं, म्हणजे? मालोजी बोलतोय ते?

तो म्हणाला, त्याचं हिंदी ऐकलंत ना? हा ग्रहांचा राजदूत आहे, ताई. आनेकलचा वाटून कसं चालेल?

माझं डोकंच फिरलं. "आणि दुसऱ्या ग्रहावरचे लोक लखनौचं हिंदी बोलतात, हे तुला कुणी सांगितलं रे?" मी म्हटलं. तो हसला. हसण्यावारी नेलं त्यानं. मग हळूच म्हणाला की मालोजीला आत्ताच सांगू नका, उद्या जीव ओतून करू दे, नाहीतर हातपाय गाळून बसेल. आणि त्याच दमात, दारातून बाहेर पडता पडता, पुढच्या पौराणिक मालिकेबद्दल बोलला. राक्षसांची अख्खी फौज आहे, ताई, तुमच्याशिवाय कोण करणार?

आता मी काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. आणि मी काय केलं? गप्प बसले. मला ती राक्षसांची फौज दिसत होती डोळ्यांसमोर. शिंगं कशाची करायची इथपर्यंत विचार पोचला होता माझा. लाज वाटते सांगायला.

बाहेर शंतनु उभा होता. त्यालाही कळलं होतं, चेहऱ्यावरूनच दिसलं. म्हणाला, काकू, मी भांडलो. मी विचारलं, किती भांडलास? म्हणाला, थोडा. मी म्हटलं, मी तेवढीही नाही.

संध्याकाळी मालोजी आला, शेवटची तालीम करायला. मी त्याला चहा दिला. दोनतीनदा तोंड उघडलं. पण तो इतका खुशीत होता! त्याला बिचाऱ्याला वाटत होतं, उद्या जे बोलेल ते तसंच्या तसं टीव्हीतून बाहेर येणार. शूटिंगच्या शेडच्या पत्र्यावर कबुतर चाललं तरी आवाज येतो, म्हणून सगळ्यांचेच आवाज नंतर भरतात, हे त्याला कुठून माहीत असणार? संवाद कधी असतील तर ना! बोलता बोलता म्हणाला, म्हातारा आता पिकलाय अक्का, एकदा त्याला पटलं की बास, मग मला काय नको. मी कप विसळायला उठले.

घरी गेले पण जीव थाऱ्यावर नव्हता. भाजीत मीठ दोनदा पडलं. आवाज तर जाणार. मग गावाला कसं कळणार की तो मालोजीच? म्हातारा भर चावडीवर म्हणेल, हा माझा पोर नव्हे. आणि मग आयुष्यभर न्हाव्याच्या बाकड्यावर... मालोजीचं असं काय आहे जे गावातला प्रत्येक माणूस ओळखतो? चेहरा नाही, आवाज नाही. मग मला सुचलं. आणि सुचलं तेव्हा, खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. वाटलं, चला, वाट निघाली. न सांगताही त्याचं भलं करता येईल आणि उपेंद्राशी भांडायलाही नको.

दुसऱ्या दिवशी शूटिंगला नेहमीप्रमाणे त्याला झगा चढवला, मुखवटा चढवला, हनुवटीची पट्टी आवळली. हातमोजे घेतले. उजव्याची शेवटची दोन बोटं मी सकाळीच रिकामी करून ठेवली होती.

आतून आवाज आला, "अक्का, कापूस?"

"भरलाय," मी म्हटलं.

तो निघाला. त्याला कसं कळणार? जी बोटंच नाहीत तिथे कापूस आहे की नाही, हे हाताला समजत नाही. त्याचा माझ्यावर विश्वास होता म्हणून तो विचारायचा, आणि विश्वास होता म्हणूनच नुसतं ऐकून चालू लागायचा. पण मी स्वतःला बजावलं की हे त्याच्यासाठीच आहे, गप्प बस.

काम असं केलं त्यानं की काय सांगू! हात वर करून पुढे आला, आणि बोलायला लागला. सेटवर सुतारसुद्धा काम थांबवून ऐकत होते. हात वर होता तेव्हा हातमोज्याची दोन बोटं लुळी पडून लोंबत होती, तो हलला की हेलकावे खात होती. उपेंद्र मॉनिटरसमोर उडालाच. कट झाल्यावर धावत माझ्याकडे आला, म्हणाला, ताई, ते बोटांचं काय डिझाइन केलंय तुम्ही, एकदम परग्रहावरचं वाटतं! आणि कॅमेरा जवळ नेऊन नुसत्या हाताचा वेगळा शॉट घेतला. मालोजीला वाटलं, भाषण आवडलं म्हणून परत करायला सांगतायत. दुप्पट जोरात बोलला. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुखवटा काढला तेव्हा घामानं निथळत होता आणि हसत होता. मी पटकन हातमोजे उतरवून पाठीमागे टाकले.

गेल्या रविवारी आनेकलला गेले. बस स्टँडवर तो स्वतः घ्यायला आला होता, इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर कोरा टॉवेल, हात त्याच्याखाली. चावडीसमोर सतरंज्या टाकल्या होत्या. टीव्हीला झेंडूचा हार घातला होता, मला तर काही बघवेना. मला खुर्ची दिली, आप्पाजीच्या शेजारी. म्हातारा ताठ बसला होता. मला म्हणाला, बाई, तुमी मोठी माणसं, खोटं नका सांगू, हा खरंच असतो काय तिथं? मी म्हटलं, असतो हो आप्पाजी. निदान तेवढं तरी मला खरं बोलता आलं.

सभा सुरू झाली. भांडणं झाली. खांब हलला, तशी पोरं ओरडली. मालोजी टीव्हीच्या बाजूला उभा होता, लोकांकडे तोंड करून. त्याला टीव्ही बघायचाच नव्हता, लोकांचे चेहरे बघायचे होते. मी केलेले ओठ उघडले. आणि आतून आला तो मुंबईचा आवाज. गुळगुळीत, रेशमासारखा. मालोजी वळला. टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

चावडीवर कुजबूज सुरू झाली. कुणीतरी कानडीत काहीतरी बोललं आणि हशा पिकला. आप्पाजी कान देऊन ऐकत होता. मग अगदी शांतपणे म्हणाला, "हा माझा पोर नव्हे."

आणि तेवढ्यात पडद्यावर हात आला. टीव्हीभर नुसता हात. तीन बोटं उभी, दोन लुळी.

मग एक बाई ओरडली, अय्यो, मालोजीचा हात! आणि मग सगळेच. पोरं उठून नाचायला लागली, बोटं दुमडून एकमेकांना दाखवायला लागली. तोच रे तोच, ती बघ करंगळी! न्हावी पुढे होऊन लोकांना समजावून सांगत होता की प्रेसमध्ये कशी गेली, कुठपर्यंत गेली. आप्पाजी उठला, काठी टेकत टीव्हीजवळ गेला, काचेवरच्या हाताला हात लावला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझाच," म्हणाला. "माझाच रे."

झालं की मग! मला हवं होतं ते सगळं झालं. गावाला पटलं, बापाला पटलं. मी वर बघितलं. मालोजी होता तिथेच उभा होता. लोक त्याच्याभोवती जमले होते, आणि जो तो त्याचा टॉवेल ओढत होता, हात दाखव, हात दाखव. एका पोरानं टॉवेल काढलाच. कुणीतरी त्याचं मनगट धरून हात वर केला, टीव्हीतल्यासारखा, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो हसत होता. मुखवट्याआड इतकी वर्षं काढलेला माणूस, त्याला हसू कसं आणायचं ते येतं. पण मी त्याला ओळखते. टीव्हीत तो मुंबईवाला अजून बोलतच होता, आम्ही गप्प नव्हतो म्हणून. कुणी ऐकत नव्हतं.

मला जेवायला बसवलं. आप्पाजीनं स्वतः वाढलं. मी भात नुसता चिवडत बसले.

परतीच्या बसला सोडायला मालोजी एकटाच आला. टॉवेल परत हातावर होता. वाटेत मी मनात जुळवाजुळव करत होते. सांगणार होते की आवाजाचं मला आदल्या दिवशी कळलं, मी उपेंद्राला बोलले होते, बोटांचं मुद्दाम केलं कारण दुसरं काही हातात नव्हतं, आणि बघ, आप्पाजी किती खूश झाले. सगळं खरंच होतं. बस लागली होती. त्यानं मला खिडकीची जागा धरून दिली, खाली उतरला आणि खिडकीशी उभा राहिला.

मी म्हटलं, "मालोजी, तुझ्यासाठीच केलं रे."

"ठाऊक हाय अक्का," तो म्हणाला. "आवाज त्यांनी घेतला. ते कोण, मी कोण? त्यांना मी काय विचारणार? पण तुमाला तर मी दर वेळी विचारत होतो."

मी खिडकीच्या गजावरचा गंज नखानं खरवडत राहिले. मग तो कानडी सवयीनं म्हणाला, सरी अक्का, बरंय, घरी पोचलात की स्वल्प आराम करा, दमलात. कंडक्टरनं घंटी मारली.

इतकी वर्षं शूटिंग संपलं की तो लांबून मला हातमोजा घातलेला उजवा हात करायचा, पाची बोटं ताठ, माझ्या कापसाची. बस सुटली तेव्हाही त्यानं हात केला. डावा केला.